सोफितोसचा दगड कोणत्या रस्त्यावर होता?

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, आजच्या अफगाणिस्तानात, सोफितोस नावाच्या एका माणसाने दगडावर वीस ओळींची ग्रीक कविता कोरवून घेतली. तीत त्याने स्वतःची हकीकत सांगितली आहे. घराणं जुनं होतं, पण नशिबाने त्याची वाताहत केली. अपोलोच्या आणि कलादेवतांच्या विद्येत वाढलेला हा तरुण दुसऱ्याकडून व्याजाने पैसे घेऊन घराबाहेर पडला. गाठीला संपत्ती आल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवून तो अनेक शहरांत व्यापार करत फिरला आणि खरोखरच श्रीमंत होऊन परत आला. पडलेलं घर त्याने नव्याने बांधलं, पूर्वजांची ढासळलेली समाधी पुन्हा उभी केली आणि जिवंतपणीच हा दगड रस्त्यावर बसवला. कवितेत तो दगडाला 'बोलका' म्हणतो. ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की 'नारातोसचा मुलगा सोफितोस याच्याकडून' असे शब्द तयार होतात. वाचणाऱ्याच्या नजरेतून ते सुटू नयेत म्हणून ती अक्षरं डाव्या बाजूला वेगळ्या रांगेत पुन्हा कोरलेली आहेत. सोफितोस आणि नारातोस ही नावं मुळात सुभूती आणि नारद असावीत, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. तसं असेल तर भारतीय नावाचा एक माणूस इतकी सफाईदार ग्रीक कविता मागे ठेवून गेला, ही गोष्टच विलक्षण आहे.

पण रस्ता कोणता? ते आता कुणालाच सांगता येत नाही. हा दगड उत्खननात मिळालेला नाही. तो पुराणवस्तूंच्या बाजारातून एका खाजगी संग्रहात गेला, २००४ मध्ये अभ्यासकांनी त्यावरची कविता प्रसिद्ध केली आणि कंदाहार हे त्याचं मूळ गाव 'असल्याचं सांगितलं जातं'. ज्या समाधीजवळ तो असावा ती समाधी, शेजारचं घर, वाटेचं वळण, भोवतीच्या इतर कबरी, सगळं गेलं. याच कंदाहारमध्ये १९५८ साली अशोकाचा ग्रीक आणि अरामी भाषेतला लेख सापडला. तो डोंगराच्या खडकावरच कोरलेला असल्यामुळे कुठून आला हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथून जाणाऱ्या कोणत्या लोकांना राजा काय सांगू पाहत होता, याचा विचार निदान करता येतो. सोफितोसच्या कवितेबाबत तेवढंही हाती नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या ग्रीक वस्तूचं सापडण्याचं ठिकाण नोंदलेलं नाही, ती कोणत्याही संग्रहालयाने यापुढे घेऊ नये. विकत नको आणि देणगी म्हणूनही नको. असा आग्रह धरणारे लोक बहुतेक वेळा कायद्याच्या किंवा राष्ट्राच्या अभिमानाच्या भाषेत बोलतात. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार आहे, देशोदेशींचे कायदे आहेत, ते महत्त्वाचेही आहेत. मला मात्र कवितेच्या बाजूने बोलायचं आहे. प्राचीन ग्रीसमधली बरीचशी कविता जागेसाठी आणि जागेवर घडली. वस्तू उचलून जागा पुसून टाकली की पुराव्यांपैकी एक कमी होतो, एवढंच होत नाही. कवितेचा अर्थच कापला जातो.

आपण कविता पुस्तकात, एकट्याने, मनातल्या मनात वाचतो. ग्रीकांची इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली कविता रस्त्यात भेटायची. अथेन्सचा राज्यकर्ता हिपार्कोस याने शहर आणि भोवतालची गावं यांच्यामधल्या वाटांवर, बरोबर अर्ध्या अंतरावर, हर्मीस देवाचे चौकोनी खांब उभे केले होते. प्लेटोच्या नावावर असलेल्या एका संवादात त्यांचं वर्णन येतं. एका बाजूला हा खांब शहर आणि अमुक गाव यांच्या मध्ये उभा आहे असं लिहिलेलं, आणि दुसऱ्या बाजूला हिपार्कोसची शिकवण: 'न्यायाचा विचार करत चाल', 'मित्राला फसवू नकोस'. त्यातल्या एका खांबाचा तुकडा आजही शिल्लक आहे. ओळीत चालण्याचीच आज्ञा आहे हे लक्षात घ्या. वाचणारा उन्हात, पायी, अर्धी वाट संपवून थांबलेला असायचा. अर्धी उरलेली वाट तो त्या दोन शब्दांना सोबत घेऊन चालणार, हे कवितेने गृहीत धरलं होतं.

कबरींचंही तसंच. त्या वाटेच्या कडेला असत आणि त्यांवरच्या ओळी वाटसरूला उद्देशून असत. अथेन्सच्या आग्नेयेला मेरेंदा नावाचं ठिकाण आहे, प्राचीन मिरिनूस. तिथल्या एका चर्चच्या बांधकामात जुन्या पुतळ्याची बैठक वापरलेली होती आणि तिच्यावरचा लेख अठराव्या शतकापासून विद्वानांना माहीत होता. लेख असा: 'फ्रासिक्लेइयाची ही खूण. मला कायम कुमारीच म्हणतील. लग्नाऐवजी देवांकडून हे नाव माझ्या वाट्याला आलं.' पुतळा घडवणारा पारोस बेटावरचा अरिस्तिऑन, हेही तिथे नोंदलेलं. पण पुतळा नव्हता. दोन शतकांहून अधिक काळ ती ओळ नुसतीच ओळ होती. १९७२ साली त्याच परिसरात, काळजीपूर्वक खोदलेल्या एका खड्ड्यात, एका तरुणाच्या पुतळ्याशेजारी आडवी ठेवलेली एक मुलगी सापडली. पुतळ्याच्या पायाशी असलेलं शिसं त्या बैठकीच्या खाचेत नेमकं बसलं.

आणि मग कविता उलगडली. मुलीच्या अंगावर लाल वस्त्राचे रंग अजून टिकून आहेत, डोक्यावर कमळांचा मुकुट आहे, आणि छातीशी धरलेल्या हातात न उमललेली कमळाची कळी आहे. 'लग्नाऐवजी' या शब्दाला आता एक हात आणि एक कळी मिळाली. नवरीसारखी नटलेली, मृत्यूने थांबवलेली ही मुलगी 'मला' असं म्हणते. वाचन त्या काळी प्रामुख्याने मोठ्याने होत असे. म्हणजे वाटेवरून जाणारा शेतकरी किंवा सैनिक ती ओळ उच्चारायचा तेव्हा फ्रासिक्लेइया त्याच्या घशातून बोलायची. ज्याला लेकी आहेत अशा एखाद्या बापाच्या तोंडून 'मला कायम कुमारीच म्हणतील' हे शब्द बाहेर पडताना काय होत असेल, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. आज ती अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आपल्या बैठकीवर उभी आहे, आणि तिची वाट कोणत्या परिसरात होती ते आपल्याला माहीत आहे. चोरट्या खोदकाम्यांच्या हाती ती आधी लागली असती तर? एखाद्या बड्या शहरातल्या दालनात 'अटिकामधली तरुणी, नाव अज्ञात' म्हणून ती सुंदर दिसली असती, आणि चर्चमधला लेख मुका राहिला असता.

जागा कळली म्हणून अर्थ एकदाच कळतो आणि काम संपतं, असंही नाही. इटलीच्या इस्किया बेटावर, पिथेकुसाई या जुन्या ग्रीक वसाहतीच्या दफनभूमीत, १९५४ साली एक मातीचा प्याला तुकड्यांत सापडला. काळ इसवी सनापूर्वी आठवं शतक, ग्रीक लिपीचं वय तेव्हा अगदीच कोवळं. प्याल्यावर उजवीकडून डावीकडे तीन ओळी कोरल्या आहेत. आशय साधारण असा: मी नेस्टरचा प्याला, प्यायला छान, जो यातून पिईल त्याला सुंदर मुकुटाच्या अफ्रोदितीची, म्हणजे प्रेमदेवतेची, ओढ तत्काळ घेरील. नेस्टर हा होमरच्या इलियड या महाकाव्यातला वृद्ध राजा. त्याचा प्याला सोन्याच्या खिळ्यांनी मढवलेला आणि भरलेला असताना इतरांना उचलणं जड जाईल असा. इथे एक साधासा मातीचा प्याला ते नाव घेतो आहे. ही ओळ मेजवानीच्या खोलीतली आहे. ग्रीक घरांत पुरुषांची एक वेगळी खोली असे. भिंतींना लागून चहूबाजूंनी कलते पलंग, मध्ये मोकळी जागा. पलंग नीट बसावेत म्हणून पुढच्या काळात त्या खोलीचं दार भिंतीच्या मध्यावर न ठेवता थोडं बाजूला घेत, आणि पुरातत्त्वज्ञ पुष्कळदा त्या दारावरूनच खोली ओळखतात. सगळे सगळ्यांना दिसतील अशी ती रचना. प्याला आणि गाणं दोन्ही डावीकडून उजवीकडे फिरत, एकाने ओळ सोडली की शेजाऱ्याने उचलायची. प्याल्यावरच्या तीन ओळी अशा फिरत्या खेळातून आल्या असाव्यात असं पुष्कळांना वाटतं, आणि मलाही ते पटतं.

पण हा प्याला मेजवानीच्या खोलीत सापडला नाही. तो सापडला चितेच्या राखेत. कित्येक दशकं ही कबर एका लहान मुलाची मानली गेली, आणि प्रेमाची ओढ लावणारा प्याला मुलाच्या कबरीत का, यावर हळवं लेखन झालं. २०२१ मध्ये त्याच कबरीतल्या जळालेल्या हाडांचा नव्याने सूक्ष्म अभ्यास झाला तेव्हा ती निदान तीन प्रौढांची हाडं निघाली. मुलाचा पुरावा मिळाला नाही. एका रात्रीत कवितेचा सूर बदलला. अकाली गेलेल्या बालकाच्या उशाशी ठेवलेली करुण वस्तू आता एकत्र बसून प्यायलेल्या मोठ्या माणसांच्या अंत्यविधीतली वस्तू वाटू लागली. हे शक्य झालं कारण १९५४ मध्ये खोदणाऱ्यांनी हाडं, राख, इतर भांडी सगळं नोंदवून एकत्र जपलं होतं. बाजारातला प्याला विकत घेतला असता तर प्रश्न विचारायला हाडंच उरली नसती.

या भूमिकेवरचा सर्वांत जोरदार आक्षेप खुद्द ग्रीक कवींकडूनच येतो. पिंडारने एजिना बेटावरच्या एका तरुण विजेत्यासाठी लिहिलेल्या स्तोत्राची सुरुवातच अशी आहे: मी काही मूर्तिकार नाही, बैठकीवर स्वस्थ उभे राहणारे पुतळे घडवायला, गोड गाण्या, तू प्रत्येक गलबतावर, प्रत्येक होडीत बसून एजिनाहून निघ. म्हणजे कवीला अभिमान आहे तो गाणं जागेला बांधलेलं नाही याचाच. सॅफोचं उदाहरण आणखी अवघड आहे. तिची एक प्रार्थना आपल्यापर्यंत मुख्यतः आली ती इजिप्तमध्ये सापडलेल्या एका खापरावर. अफ्रोदितीला ती बोलावते: इथे ये, या पवित्र देवळात, जिथे सफरचंदांची राई आहे, फांद्यांमधून थंड पाणी खळाळतं, गुलाबांची सावली पडली आहे आणि थरथरत्या पानांतून झोप खाली ओघळते. लेस्बोस बेटावरची ती राई कुणालाच माहीत नाही. कदाचित ती कधी नव्हतीही. तरी फुटक्या खापरावरून ती जागा आजही तयार होते. मग जागा हरवली म्हणून रडायचं कशाला?

हा आक्षेप मी मनापासून मानतो. तरी त्याच पिंडारचं किरेनीच्या राजासाठी इसवी सनापूर्वी ४६२ मध्ये लिहिलेलं स्तोत्र पाहा. त्यात तो शहराच्या संस्थापकाने अपोलोच्या मिरवणुकांसाठी बांधलेल्या सरळ, फरसबंद रस्त्याचं आणि चौकाच्या टोकाला एकट्या असलेल्या त्याच्या समाधीचं वर्णन करतो. लिबियातल्या किरेनीच्या चौकात इटालियन उत्खननात जी समाधी सापडली, ती हीच असं मानलं जातं. गाणं फिरायला निघालं तरी आपल्या गावाचा पत्ता बरोबर घेऊन निघतं. एजिनाच्या स्तोत्रातही गलबतांवर कोणती बातमी पाठवायची आहे? अमक्याचा मुलगा, एजिनाचा, जिंकला. नाव आणि ठिकाण.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अमुदर्याच्या काठावरचं. आय-खानूम या ग्रीक शहरात १९६० च्या दशकात फ्रेंच उत्खननात एका दगडी बैठकीवर चार ओळींची कविता मिळाली. ती म्हणते की प्राचीन थोर माणसांची ही वचनं पवित्र पिथोमध्ये, म्हणजे ग्रीसमधल्या डेल्फी या अपोलोच्या तीर्थस्थानी, ठेवलेली आहेत. तिथून क्लेआर्खोसने ती काळजीपूर्वक उतरवून घेतली आणि इथे, किनेआसच्या आवारात, दूरवर तेजाळतील अशी उभी केली. डेल्फीपासून सुमारे चार हजार किलोमीटर. शेजारी वचनं: लहानपणी शिस्तीत राहा, तरुणपणी संयम ठेव, मध्यम वयात न्यायी हो, म्हातारपणी चांगला सल्ला दे, मरताना दुःख नको. ज्याने हे दूरदेशी नेलं त्याने चार ओळींत तीन गोष्टी नोंदवल्या: कुठून आणलं, कुणी आणलं, कुठे ठेवलं. आजच्या कितीतरी दालनांतल्या पाट्यांवर यातली पहिली गोष्ट सापडत नाही. कविता हलवायला माझा विरोध नाही, क्लेआर्खोसनेही ती हलवलीच. ठिकाण लपवून हलवण्याला विरोध आहे. पुढे अफगाणिस्तानातल्या युद्धांच्या काळात आय-खानूम लुटारूंनी अक्षरशः पोखरून काढलं, आणि तिथून निघालेल्या वस्तूंना क्लेआर्खोससारखा लेखनिक मिळाला नाही.

आता अभ्यासकांची बाजू. ते म्हणतात, दगड आधीच उपटला गेलाय, आता नाक मुरडून काय उपयोग? सोफितोस प्रसिद्धच केला नसता तर आपल्याला ती कविताही कळली नसती. हे खरं आहे, आणि ती वाचायला मिळाली याचा मला आनंदच आहे. अभ्यास करावा, छापावं, आणि ठिकाण अज्ञात असल्याचं पहिल्याच वाक्यात ठळक लिहावं. पण पैसे मोजणं ही वेगळी गोष्ट आहे. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने युफ्रोनिओस या अथेन्सच्या चित्रकाराचं एक मोठं पात्र दहा लाख डॉलरना घेतलं. झोप आणि मृत्यू हे दोघे भाऊ रणात पडलेल्या सार्पेदोनला उचलत आहेत, इलियडमधला प्रसंग, अप्रतिम रेखाटन. ते पात्र १९७१ मध्ये इटलीत चेर्वेतेरीजवळच्या एका एट्रुस्कन, म्हणजे इटलीतल्या रोमपूर्व लोकांच्या, कबरीतून लुटलेलं होतं. २००८ मध्ये ते इटलीला परत गेलं. दरम्यान गमावलं ते असं: अथेन्समध्ये रंगवलेला होमरच्या काव्यातला हा मृत्यू एका एट्रुस्कन कुटुंबाने आपल्या मृताजवळ का ठेवला, कोणत्या वस्तूंशेजारी, हे सांगणारी कबर. पात्र परत येतं, उद्ध्वस्त झालेली कबर येत नाही. त्या दहा लाखांची बातमी किती चोरट्या खोदकाम्यांच्या कानावर गेली असेल, याचा हिशेब कुणी मांडावा? पपायरसचं, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या लव्हाळ्याच्या कागदाचंही वेगळं नाही. २०१४ मध्ये सॅफोच्या नव्या कविता प्रकाशात आल्या, जगभर आनंद झाला. त्या कुठून आल्या याचा खुलासा टिकला नाही आणि २०२१ मध्ये प्रकाशकाने तो खुलासा करणारा लेख मागे घेतला.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात आत शिरून खांब वाचत गेलात तर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या खांबांचे लेख भेटतात. प्राकृतातले, साधे, गद्य: अमक्या यवनाचा खांब, दान. हे यवन थेट ग्रीक होते की इथेच रुळलेले त्यांचे वंशज, यावर वाद आहे. पण दाता, खांब, स्तूपाकडे जाणारी खांबांची रांग आणि आपण, सगळे एकाच जागी उभे असतो. तो खांब कापून एखाद्या दालनात नेला असता तर 'दान' या शब्दाचं काय उरलं असतं?

ग्रीक वस्तू ग्रीसबाहेर दिसूच नयेत, असा माझा हट्ट नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ पासून ग्रीस, रोम, इजिप्त आणि अॅसिरियाची शिल्पं भारतीय शिल्पांशेजारी मांडली होती, परदेशी संग्रहालयांकडून उसनी आणलेली. हा मार्ग मला योग्य वाटतो. ठिकाण माहीत असलेली वस्तू पाहुणी म्हणून यावी आणि परत जावी. अशा प्रदर्शनांत पाटीवर ओळीचं भाषांतर हवं, मूळ ओळ कुणीतरी मोठ्याने म्हटलेली ऐकू यायला हवी, आणि ती वाटेवरची होती, देवळातली होती की कबरीतली, हे नकाशासकट दिसायला हवं.

ठिकाण पक्कं माहीत असूनही ते नाकारलं जातं, त्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पार्थेनॉन, अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचं अथेना देवीचं देऊळ. त्याच्या आतल्या भिंतींवरून फिरणारा सुमारे १६० मीटरचा मिरवणुकीचा शिल्पपट्ट बाहेरच्या बाजूला तोंड करून होता. अक्रोपोलिसवर चढलेला माणूस पश्चिमेकडून पूर्वेच्या दाराकडे चालत जायचा तेव्हा खांबांच्या फटींतून घोडेस्वार त्याच्याबरोबर पुढे सरकायचे. त्याच अथेनाच्या उत्सवात होमरचं महाकाव्य गायक एकामागून एक, क्रमाने म्हणत; ती प्रथाही त्या जुन्या संवादानुसार हिपार्कोसचीच. काव्य, चाल आणि दगड एका दिवशी एका टेकडीवर भेटत होते. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्जिनच्या माणसांनी काढून नेलेला जवळपास अर्धा पट्ट १८१६ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तिथे तो खोलीच्या भिंतींवर आत तोंड करून लावलेला आहे. प्रेक्षक मध्ये उभा राहतो आणि मिरवणूक त्याच्याभोवती फिरते. चालण्याची दिशाच उलटी झाली. २००९ मध्ये उघडलेल्या अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयात वरचं दालन पार्थेनॉनला समांतर आहे, पट्ट मूळ मापात बाहेर तोंड करून आहे, काचेतून समोर देऊळ दिसतं, आणि लंडनमध्ये असलेल्या तुकड्यांच्या जागी प्लास्टरच्या प्रती आहेत. इटलीतल्या पालेर्मोच्या संग्रहालयाने आणि व्हॅटिकनने आपल्याकडचे तुकडे अलीकडच्या वर्षांत अथेन्सला दिले. लंडनने तुकडे परत देण्याच्या आड १९६३ चा ब्रिटिश म्युझियम कायदा येतो, असं सांगितलं जातं. तो कायदा पार्लमेंटने केला आहे आणि पार्लमेंटलाच बदलता येईल. तो या पिढीत बदलावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.